काचमहालासमोरची पडवी

ही कथा मी १४ मे २०१८ रोजी, सोमवारी दुपारी, चुन्याचा गिलावा करणारे कारागीर रंगनाथ लोहकरे यांच्याकडून ऐकली. तपशील त्यांचे, मांडणी माझी.

निंबाळगडच्या राजांनी दरबारासाठी नवा महाल बांधवला. पश्चिमेला तोंड, वरपासून खालपर्यंत बिलोरी काचा! इतकी देखणी इमारत मुलखात दुसरी नव्हती. मात्र चैत्रात पहिलाच दरबार भरला आणि दोन सरदार घेरी येऊन पडले.

"समोरची गवंडीआळी वारा अडवते," स्थपतीने निदान केले. "शिवाय ओबडधोबड दिसते. पाडावी."

आळीतल्या बाळोबा गवंड्याची मुलगी येसू धावत आली. "सरकार, चाळीस घरं उघड्यावर येतील! आणि महालाची एकही काच उघडत नाही. वारा शिरणार कुठून?"

"फार कळतं तुला!" राजे संतापले. "मग अक्षय्य तृतीयेला भर दुपारी दरबार गार बसव. काच हलवायची नाही, वाळ्याचे पडदे लावून शोभा झाकायची नाही, पंखा नाही, पाणी नाही! जमलं तर आळी राहील. नाही तर दुसऱ्या दिवशी पहारी चालतील!"

"जमेल, सरकार. गादी कुठे मांडायची, तेवढं मला ठरवू द्या."

"मांड कुठेही! सगळे कोपरे सारखेच तापतात."

तृतीयेला राजे आले, तर गादी बाळोबाच्या पडवीत! पडवी पूर्वाभिमुख, म्हणून दुपारी सावलीत. चुन्याच्या भिंती हातभर जाड. जाळीतून बोळातली झुळूक येत होती. राजांचा घाम वाळला. एक सरदार तर चक्क पेंगू लागला.

"पोरी, ही लबाडी झाली!" राजे म्हणाले. "दरबार महालात भरतो."

"मोहिमेवर सरकारांनी तंबूत न्याय केला, तो दरबारच होता ना? गादी तिथे दरबार!"

"आणि माझ्या महालाची शोभा?"

"समोर बघा की!"

उन्हात काचा लखलखत होत्या.

"आत बसून हे कधी दिसलं होतं, सरकार? आळी पाडलीत, तर महाल बघणार कुठे बसून?"

राजे खदखदून हसले. "स्थपतीबुवा, तुमचा महाल इथून फारच सुरेख दिसतो! आळीला हात लागणार नाही." त्यांनी हातातले सोन्याचे कडे येसूला दिले. "आणखी माग!"

"यापुढे जो इमारत बांधेल, त्याने वैशाखातली एक दुपार तीत बसून काढावी. मगच सरकारांनी पसंती द्यावी."

"मंजूर! सुरुवात आजच!"

स्थपतीला सन्मानाने महालात नेण्यात आले. तो सूर्यास्तापर्यंत आत बसला, असे लोहकरे सांगतात. या एका गोष्टीला मात्र मला कोठेही दुजोरा मिळाला नाही.