खेकड्यावरचा आळ

खाडीकाठच्या एका गावात पदूबाई नावाची मीठ पिकवणारी बाई राहत होती. तिचं मीठ पांढरंशुभ्र आणि जीभ त्याहून खारट.

एके दुपारी जोमा आणि त्याच्या दोन सवंगड्यांना हुतूतू खेळायची हुक्की आली. मैदान कोणतं, तर पदूबाईचा वाफा. त्यात मीठ नुकतंच धरू लागलं होतं. डाव संपेपर्यंत तळ उखडला आणि मिठाचा चिखल झाला.

गाव खवळलं. पाटील म्हणाले, "या टोळभैरवांना गावाबाहेर काढा."

"काढून माजा वाफा भरंल का?" पदूबाई म्हणाली. "पोरांचे पाय शिवशिवतात ना? मंग माजा तळ तुडवू दे."

पाटलांनी मान्य केलं, पण बजावलं, "कामात कुचराई झाली, तर गाव सुटलं समजा."

वाफ्याचा तळ पायांनीच तुडवून घट्ट करतात, नाहीतर पाणी ठरत नाही. पोरं आधी कुरकुरली. मग जोमानं गाणं धरलं, पदूबाईनं त्याचा बेसूर गळा दुरुस्त केला आणि काम रंगलं. फक्त बांधाजवळच्या कोपऱ्यात जोमा उन्हाला कंटाळला. तिथं त्यानं नुसती पावलं उमटवली.

खाडीचं पाणी आत घेतलं. सकाळी पाहतात तो वाफा अर्धा रिकामा. बांधात खेकड्याचं बीळ दिसलं. मिठागरात काहीही बिघडलं की खेकडा हा ठरलेला चोर. पाटील म्हणाले, "पोरांचा दोष नाही. सुटलात रे तुम्ही."

सवंगडी आनंदानं उड्या मारू लागले. जोमानं गप्प राहायचं, एवढंच उरलं होतं. पण पदूबाई चिखलाची पाटी घेऊन बीळ लिंपायला निघाली. चुकीच्या जागी लिंपलं तर तिचं उरलंसुरलं पाणीही जाणार, आणि हंगाम तर सरत आलेला. जोमाला ते बघवेना.

"काकी, थांब गो," तो म्हणाला. "खेकडा बिचारा उगाच बदनाम होतोय. तो कोपरा मीच नीट तुडवला नाय."

पाटलांच्या भुवया चढल्या. "मग ठरलं तसं गाव सोड."

"आता कुटं धाडता त्याला?" पदूबाई म्हणाली. "आजच तर पोरगा कामाचा झालाय."

पाटलांना हसू आवरेना. तोवर जोमा कोपऱ्यात उतरून पाय आपटू लागलाही होता. त्या हंगामाचं शेवटचं मीठ झकास उतरलं. पदूबाईनं शाबासकी म्हणून सर्वांत जड टोपली जोमाच्या डोक्यावर दिली, आणि तो ती मिरवत गावातून गेला.

तात्पर्य: चुकलेल्या पोराला हाकलून नुकसान भरून निघत नाही. ते त्याच्याच हातांनी भरून घ्यावं, म्हणजे त्याला आपली चूक स्वतःहून दिसू लागते.