झुलीखालची खाज

कातडीच्या आतलेही बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. चांद्या बैलाच्या खांद्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, राहायचं. मेलेली कातडी कातरणं हे त्याचं काम. पण जू घासून जखम झाली, विकराचा ताबा सुटला आणि ते शेजारच्या मज्जातंतूलाच कातरू लागलं.

"खाज! खाज!" मज्जातंतू ओरडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. चांद्याचा धनी गेनबा मात्र नव्या झुलीला आरसे लावत बसला. सकाळी त्याने तीच झूल जखमेवर ओढली.

झूल खेकसली, "आज मिरवणूक आहे, गप्प बस! बैल अंग घासेल, माझे आरसे फुटतील."

"मला कातरणाऱ्या विकराला कधी गप्प बस म्हणालीस?" मज्जातंतू कडाडला. "ते थांबेपर्यंत मी ओरडणारच!"

वेशीत, साऱ्या गावासमोर, चांद्याने दगडी खांबाला असा खांदा घासला की झूल फाटून खाली पडली. जखम पाहून गेनबा ओशाळला आणि हळद-लोणी आणायला घराकडे पळाला.

धुळीतून झूल म्हणाली, "झालं समाधान? अब्रू गेली!"

"तुझी गेली," मज्जातंतू म्हणाला. "माझं दुखणं आत्ता कुठे कुणाला दिसलं."