दोन बाभळींवरचा पहारा

एका माळरानावर बाभळीच्या बनात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, हे पक्षी तुम्ही पाहिले असतील. दिवसभर नुसती कलकल! पण शिस्तीचे मोठे पक्के. सारे जमिनीवर किडे टिपत असताना एक जण बाभळीच्या शेंड्यावर पहारा देई. त्याने हाक दिली की सगळे काट्यांत शिरत. एकदा एका ससाण्याने सरळ झडप घातली, तर साऱ्यांनी मिळून त्याची पिसे उपटली.

समोरून जमेना, तेव्हा ससाण्याने आडवाट धरली. कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा एक कोतवाल पक्षी त्याने हाताशी धरला. कोतवाल पानांआड बसून पहारेकऱ्याच्या आवाजात खोटीच हाक देई आणि थवा पळाला की मागे राहिलेले किडे मटकावी. दिवसभर हेच चाले. घरट्यातली पिल्ले भुकेने रडू लागली. सगळे बिचाऱ्या पहारेकऱ्यावर उखडले. आपण हाक दिलीच नाही, असे तो शपथेवर सांगत होता, पण ऐकतो कोण? हा पहाराच नको, असे जवळजवळ ठरले.

तेव्हा थव्यातली म्हातारी मावशी पुढे आली. "मी कान देऊन ऐकलंय. हाक शेंड्यावरून येत नाही, खालच्या फांदीतून येते," ती म्हणाली. "अरे, पहारा उठावा हेच तर त्या ससाण्याला हवंय. लढून हरला, म्हणून आपल्यालाच आपसात लढवतोय. उद्यापासून दोन बाभळींवर दोघं बसतील. दोन्ही शेंड्यांवरून हाक आली, तरच पळायचं."

दुसऱ्या दिवशी कोतवालाने घसा फोडून हाक दिली. दुसऱ्या बाभळीवरून उत्तर आले नाही. थवा निवांत किडे टिपत राहिला आणि पिल्लांची पोटे भरली. दुरून पाहणाऱ्या ससाण्याला वाटले, झाले काम, आता यांचा हाकेवर विश्वासच उरला नाही. तो बेफिकीर खाली झेपावला. त्याच क्षणी दोन्ही शेंड्यांवरून हाका उठल्या! थवा काट्यांत शिरला आणि त्याच्यामागे वेगात आलेल्या ससाण्याचे पंख बाभळीत अडकले. मग काय, सगळे सातभाई त्याच्यावर तुटून पडले. सर्वांत पुढे तो पहारेकरी होता. कसाबसा सुटून ससाणा जो पळाला, तो पुन्हा त्या माळावर फिरकला नाही. कोतवालानेही त्याच्यामागोमाग काढता पाय घेतला. त्या संध्याकाळी सर्वांनी पहारेकऱ्याची माफी मागितली आणि मावशीने आपल्या चोचीतला किडा त्याला भरवला.

तात्पर्य : समोरून हरलेला शत्रू आपला एकमेकांवरचा विश्वास फोडायला येतो, अशा वेळी पहारा मोडू नये, हाक पडताळून पाहावी आणि एकजुटीने उभे राहावे.