येसूचा आडोसा

आपल्या पणज्यांनाही जी गोष्ट जुनीच वाटायची, ती ही. निंबखोरीत देवीच्या देवळापुढं येसू माळणीची बाग होती. येसू दिवसभर काठी घेऊन सावल्यांमागं फिरायची. निंबाची सावली कुठवर आली, कळसाची कुठं सरकली, तिथं राखेची रेघ ओढायची. मग सावलीत तेरडा नि सोनटक्का, उन्हात झेंडू नि शेवंती. बुटकी पुढं, उंच मागं, म्हणजे कुणाचं ऊन कुणी अडवायला नको. तिचा हात लागला की वाळकी काडीसुद्धा फुटायची, असं म्हणतात.

हे सगळं हैबती चौगुल्याच्या डोळ्यांत खुपायचं. चौगुला म्हणजे पाटलाचा उजवा हात. पण हा गडी इतका संशयी, की मांजर आडवं गेलं तरी ते कुणी पाठवलं हे विचारायचा! राख कशाला? सावल्या कशाला मोजते? आणि सगळीकडं बुटकी फुलं पुढं, मग ओढ्याकडच्या कोपऱ्यातच रस्त्याच्या अंगाला पुरुषभर कर्दळ का? तो कर्दळीआड डोकावला, तर रखरखीत उन्हात अबोली! सावलीचं झाड उन्हात, आणि तरी टवटवीत. इथं काहीतरी पाणी मुरतंय, हे त्यानं पक्कं धरलं.

त्यात त्याची बायको सगुणा पोटुशी. तिचं पहिलं मूल पाचवी पुजायच्या आतच गेलेलं. एका दुपारी ती त्या कर्दळीआडून येताना दिसली आणि हैबती गावभर सांगत सुटला. माळीण सावली बांधते! बायकोची बांधली, आता पोटातलं नेणार! गाव तर काय, असलं ऐकायला टपलेलंच.

दुसऱ्या दुपारी तो विळा घेऊन निघाला, मागं सगळं गाव. त्यानं सपासप कर्दळ आडवी केली.

"बोल, कुणाची सावली बांधलीस?"

"बांधली न्हाई चौगुले, जपली," येसू म्हणाली. "सगुणा धनीण रोज या उन्हाच्या वक्ताला हितं उभी ऱ्हाते. तिच्या सावलीवर अबोली जगलीया."

"हितं? कशापायी?"

"सवता उभं ऱ्हा नि बघा की."

हैबती उभा राहिला. समोर ओढ्याकाठची चिंच दिसत होती. तिच्याच बुडाशी त्यानं आपलं लेकरू पुरलं होतं. आणि पोटुशीनं तिकडं फिरकायचं नाही, हेही त्यानंच बजावलं होतं.

"आणि कर्दळ?" त्यानं विचारलं.

"रडणारीला आडोसा नगं व्हय?"

तेवढ्यात सगुणा आली. कर्दळ नाही आणि समोर सगळं गाव! बिचारीनं पदरात तोंड लपवलं. हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं विळा टाकला, खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरलं आणि कापलेल्या कर्दळीच्या जागी गावाकडं तोंड करून उभा राहिला.

"जावा घरी," तो म्हणाला. "हितं बघण्याजोगं काय न्हाई."

उन्हं कलेपर्यंत त्याचे हात खाली आले नाहीत. सकाळी पाहतात तो कर्दळ पुन्हा पुरुषभर वाढलेली, असं म्हणतात. सगुणाच्या मुलीची पाचवी झाली, ती येसूच्या मांडीवर.

येसू गेली, पण अबोली कधी करपली नाही. कुणी उभं नसलं तरी भर उन्हात तिच्यावर सावली असते, असं म्हणतात. त्या कोपऱ्यातली कर्दळ अजूनही गावातले पुरुषच लावतात. आणि येसूच्या आडोशामागं कुणी उभं असलं, तर निंबखोरीत कोण ते विचारत नाहीत. जाणारा तोंड फिरवून उभा राहतो, आणि खांद्यावर काही असेल तर ते पसरतो.