जावयाचं जाकीट

एका गावात भागवत नावाचा एक मोटार दुरुस्तीवाला राहत होता. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. उन्हाळा आला की लोक मोटारीला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर पोतं टाकतात. भागवत त्यांना दटावायचा, "झाकता कशाला तिला? वाऱ्याला वाट ठेवा. आतली ऊब बाहेर पडली नाही तर ती जळणारच." एवढं शहाणपण त्याच्याजवळ होतं. दुसऱ्याच्या मोटारीपुरतं.

त्याची बायको उर्मिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिथे तिला मुलगी झाली. भागवत गाडी काढून निघणार, तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला, "आता बारशालाच या." निरोप कसला, हुकूमच तो. भागवत थांबला. फोनवर लेकीचे फोटो यायचे. डोळे मिटलेले, मूठ आवळलेली. फोटो मोठा करून तो त्या मुठीकडेच बघत बसायचा. त्या मुठीत आपलं एक बोट द्यावं, तिला दोन्ही हातांवर घ्यावं, वजन किती लागतं ते बघावं. बाकी त्याला काही नको होतं. कामावर तार गुंडाळताना त्याचे हात मधेच थांबायचे. रिकामे हातसुद्धा जड होतात, हे ज्याचं माणूस लांब असतं त्यालाच कळतं.

सासुरवाडी दूर. मधे सगळा उघडा माळ, वर वैशाखाचं ऊन, आणि जायचं मोटारसायकलवर. उर्मिला फोनवर म्हणाली, "नुसत्या शर्टावर येऊ नका. तालुक्याला गाडीवर घालायची जाकिटं मिळतात, खांद्याला-कोपराला गादी असलेली. एक घ्या. आणि घेताना कापडावर फुंकर घालून बघा."

"फुंकर कशाला?"

"बाळाची दुपटी आमच्याकडे अशीच निवडतात. कापडाच्या पलीकडे तळहात धरायचा. फुंकर हाताला लागली तर कापड उन्हाळ्याचं."

"म्हणजे मी दुपट्यात गुंडाळून येऊ म्हणतेस?"

"या की. लेकीला सोबत होईल."

भागवत तालुक्याला गेला. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन जाकिटं टाकली. दोन्ही त्याच्या खिशाला झेपणारी, गाद्या दोन्हींना. एक होतं राखाडी, जाळीच्या कापडाचं. दिसायला अगदीच गरीब, मासे धरायचं जाळं वाळत घातल्यासारखं. दुसरं काळं, चकचकीत, रेक्झिनचं, छातीवर लाल पट्टा. भागवतने राखाडीवर फुंकर घातली. तळहाताला गार लागली. काळ्यावर घातली. ती उलटून त्याच्याच तोंडावर आली.

कापडाने याहून स्पष्ट काय बोलायचं?

पण भागवतच्या डोळ्यांसमोर मेहुणा उभा राहिला, बालाजी. मागच्या दिवाळीला चार पाहुण्यांत तो बोलून गेला होता, "दाजी, तुम्ही गाडीवरून उतरलात की वाटतं, मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला." सगळे हसले होते. भागवतही हसला होता, आणि ते बोलणं गिळून घरी घेऊन आला होता.

"हवा पाहिजे जराशी," भागवत चाचरत म्हणाला.

दुकानदार मुरलेला होता. "हवा लागायला पाहिजे, का हवा व्हायला पाहिजे? हे काळं घालून सासुरवाडीला उतरा. गावात नुसती तुमचीच हवा."

भागवतने काळं घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. ते दुकानात सांगत नाहीत, एवढंच.

बारशाच्या दिवशी तो उजाडताच निघणार होता. पण आरशापुढे त्याचा बराच वेळ गेला. माळाला लागला तेव्हा ऊन वर आलं होतं. जाकिटाच्या आत घामाच्या धारा लागल्या. घाम आत, ऊब आत, वाऱ्याला कुठून वाट नाही. कानशिलं ठणकायला लागली. पोतं टाकलेल्या मोटारीचं जे होतं तेच त्याचं होत होतं, आणि ते त्याला कळतही होतं. शेवटी एका बाभळीखाली त्याने गाडी लावली, जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि मागच्या सीटवर दोरीने बांधलं. मनाशी म्हणाला, वेशीजवळ पुन्हा घालू. बघणारे तिथेच असतात.

वेशीच्या अलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. वळणावर बारीक खडी पसरलेली. भागवतच्या डोळ्यांपुढे ती मूठ होती. चाक घसरलं. तो दोन्ही हातांवर पडला आणि तसाच फरपटत गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. हात मात्र तळव्यापासून कोपरापर्यंत सोलून निघाले. सीटवरच्या जाकिटाला ओरखडासुद्धा नव्हता.

वेशीवरच्या लोकांनी घरी निरोप धाडला, आणि बालाजीनेच त्याला दवाखान्यात नेलं आणि घरी आणलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, बोटंसुद्धा आत. जाकीट बालाजीच्या खांद्यावर. या वेळी बोलायची पाळी त्याची नव्हती. सासूबाई बोलल्या. त्यांनी आधी जावयाच्या हातांकडे पाहिलं, मग जाकिटाकडे. म्हणाल्या, "जाकीट मात्र छान जपलंत, जावईबापू."

उर्मिला लेकीला घेऊन बाहेर आली. भागवतचे हात आपोआप पुढे झाले, आणि तसेच खाली आले. सगळ्या फोटोंत आवळलेली ती मूठ आज उघडी होती. इवली बोटं हवेत काहीतरी शोधत होती. द्यायला भागवतकडे एक बोट नव्हतं.

बायकांनी पाळणा म्हटला, नाव ठेवलं, सगळे जेवायला उठले. उर्मिलाने भागवतला पाळण्याशी बसवलं आणि पाळण्याची दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधली. म्हणाली, "हात तुम्ही जाकिटाला दिलेत. पाय तरी लेकीला द्या."

भागवत पायाने झोका देत राहिला. झोका जवळ आला की लेकीचं तोंड दिसायचं, आणि हात पोचायच्या आत लांब जायचं. पंख्याच्या वाऱ्याने पाळण्याची झालर हलत होती. खुंटीवरचं काळं जाकीट तेवढं हलत नव्हतं.

तात्पर्य: चारचौघांत हवा व्हावी म्हणून घेतलेलं पांघरूण गरजेच्या वेळी अंगावर नसतं. ज्याला कुणाला तरी कुशीत घ्यायचं आहे, त्याने लोकांचे डोळे सोडून आधी आपले हात सांभाळावेत.