फुलकयनं ओळखलेला पाहुणा

जंगलाच्या कडेला सरकारी हद्दीचे दगड अजून बसायचे होते, त्या काळातली ही गोष्ट. मेळघाटातल्या सालईढाणा या कोरकू वस्तीत फुलकय नावाची आंधळी म्हातारी राहत होती. तिचा नवरा घरजावई होऊन आला होता. म्हणून मोहाच्या झाडाखाली उभे असलेले मुंडे तिच्याच वाडवडिलांचे होते. मुंडा म्हणजे मृताच्या स्मरणार्थ कोरलेला सागवानी खांब. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतो, नाव नसतं. नाव आईनं लेकीच्या बोटांना शिकवायचं, अशी त्या घराची रीत होती.

पुढे इंग्रजी अंमलातला जंगलसाहेब आला. पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवास सिद्ध झाला नाही तर वस्ती उठेल, असं त्यानं बजावलं. लोकांनी मुंडे दाखवले. साहेबाचा कारकून हसला.

"यावर एक अक्षर नाही. ही कसली वंशावळ, बुढे?"

"तुझा कागद वाळवी खाते, बाबू. सागाला ती तोंड लावत नाही. मला तेवढं तिथवर ने."

तिची पारख करायला साहेबानं मुंडे उपटून, क्रम मोडून मांडायला लावले. गाव हळहळलं. फुलकय म्हणाली, "मांडू दे. जागा बदलली म्हणून तोंडं बदलत नाहीत."

ती एकेका खांबावरून हात फिरवू लागली. "हा माझा बाप, भुता. हसता हसता खोकायचा. ही त्याची आजी, मुंगय. पुरात बैल सोडवायला गेली, ती गेलीच." प्रत्येक नावासरशी मोहाखाली घोड्याच्या टापा वाजल्या, असं म्हणतात. मुंडे कुणी सात सांगतात, कुणी अकरा. पुढचा प्रसंग मात्र साऱ्या कथनांत एकच आहे.

शेवटच्या खांबावर तिची बोटं अडली. ती पुन्हा वरून खाली आली.

"हा आमचा नाही," ती म्हणाली. "कोरणारा हात नदीपलीकडचा आहे. कुणाचा तरी बाप असेल. किती लांब आणलंत त्याला."

कारकुनानं मान खाली घातली. तिला फसवण्यासाठी तो मुंडा त्यानंच दुसऱ्या वस्तीतून आणवला होता.

हद्दीचे दगड सालईढाण्याला वळसा घालून बसले. फुलकय मात्र निकालासाठी थांबलीच नव्हती. तो परका मुंडा त्याच्या वस्तीला परत पोचवायला चौघांच्या खांद्यावर देऊन ती पुढे चालू लागली, आणि भरल्या नदीनं तिला गुडघाभरच पाणी दाखवलं, असं म्हणतात.

आजही तिथे नवा मुंडा उभा राहिला की वस्तीतली सर्वांत वडील बाई डोळे मिटून साऱ्या खांबांवरून हात फिरवते, नावं घेते. शेवटी विचारते, "परका कुणी राहिला का?" मग पानावर कुटकी या भरड धान्याचा मूठभर भात नदीकडे तोंड करून ठेवते. त्यानंतरच घरचे जेवायला बसतात.