तानाआजीची टेंभुर्णी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, यावर सावरटोल्यात अजून एकमत नाही. आपल्या आजोबांच्या आजोबांनी तानाआजीला पाहिलं होतं, असं प्रत्येक घर सांगतं. फक्त कोणाची तानाआजी ताडासारखी उंच असते, तर कोणाची कमरेत वाकलेली.

गावाभोवती टेंभुर्णीचं रान होतं. उन्हाळ्यात धान्य संपलं की गाव तिच्या फळांवर, टेंभरांवर जगायचं. पिकलं टेंभर मधासारखं गोड. कच्चं चावलं तर जीभ टाळूला चिकटते. म्हणून टेंभरं कधी तोडायची, हे तानाआजीला विचारत. पण ती कधी एक दिवस सांगेच ना.

"खडकावरचं झाड आधी, सावलीतलं मागून. गारा पडल्या तर आणखी मागून. माझ्या दारचं सगळ्यात शेवटी."

लोक माना हलवत आणि गोंधळून घरी जात.

डोमाजी पाटलांना गोंधळ खपत नसे. त्यांनी दवंडी पिटवली: यापुढे सगळी झाडं अक्षय तृतीयेला पिकतील. जे पिकणार नाही, ते तोडलं जाईल.

"पाटील, झाडाले पंचांग वाचता येते का?" आजीनं विचारलं.

"शिकंल हळूहळू," पाटील म्हणाले.

त्या वर्षी अक्षय तृतीया अकरा दिवस अलीकडे आली. झाडांना ते कोणी कळवलं नव्हतं. ओढ्याकाठी आजीच्या दारची टेंभुर्णी अजून हिरवीगार होती. तिच्या गेलेल्या नवऱ्यानं लावलेलं ते झाड. आजी बुंध्याला पाठ लावून बसली. कुऱ्हाडवाले आले, मागून पाटील आले.

"चाखल्याबिगर तोडू नका," आजी म्हणाली. "न्याय तरी होऊ द्या."

पाटलांनी न्यायासाठी एक टेंभर चावलं. मग 'तोडा' म्हणायला गेले, तर जीभ हलेना. ते हातवारे करू लागले. कोणाला वाटलं, तोडा म्हणतात. कोणाला वाटलं, पाणी मागतात. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांना पाणी पाजलं.

पाटील सात दिवस मुके होते आणि आजी रोज झाडावर फुंकर घालत होती, असं म्हणतात. आठव्या दिवशी झाडावरची टेंभरं पिवळी झाली. आजीनं एक पिकलं टेंभर त्यांच्या ओठांत ठेवलं आणि जीभ सुटली. पहिला शब्द निघाला, "गोड!" कुऱ्हाडी परत गेल्या.

झाड आजीच्या फुंकरीनं पिकलं की सात दिवसांच्या उन्हानं, यावर गावात आजही दोन तट आहेत. पुढे आजी त्याच झाडात विरून गेली, असं दोन्ही तट म्हणतात. कोणत्या वर्षी, ते मात्र विचारू नये.

सावरटोल्यात अजूनही अक्षय तृतीयेला सरपंच ओढ्याकाठी जाऊन तानाआजीच्या नावानं एक कच्चं टेंभर चावतात आणि झाड पिकेपर्यंत कसलाही हुकूम काढत नाहीत. मागल्या साली गारा पडल्या. झाड एकवीस दिवस उशिरा पिकलं. तेवढे दिवस गावाचा कारभार फार सुरळीत चालला, असं म्हणतात.